ज्याचं त्याचं घड्याळ

ऑफ सीझन आला की साखर कारखान्यात दोन गोष्टी हमखास होतात. मिलचे रोलर उघडून ठेवले जातात आणि व्यवस्थापनाला प्रशिक्षणाची आठवण येते. अशाच एका जुलैत आमच्याकडे पुण्याहून एक प्रशिक्षक आले होते. गेस्ट हाऊसच्या हॉलमध्ये सगळे खातेप्रमुख आणि काही जुने कामगार बसले. प्रत्येकाच्या हातात प्रश्नावली. निर्णय पटकन घेता की विचार करून? हाताखालच्या माणसाला काम समजावून सांगता की नुसतं सांगता? उत्तरांची बेरीज झाली आणि प्रत्येक जण चारांपैकी एका चौकटीत जाऊन पडला. चीफ इंजिनिअर हुकूमशहा निघाले. शेतकी अधिकारी सगळ्यांना खूश ठेवणारे. मी विश्लेषक. आमच्या मुख्य पॅनमनना सगळा कारखाना मामा म्हणायचा. त्यांच्या नेतृत्वगुणांची बेरीज शून्याच्या आसपास आली. मामांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि शांतपणे विचारलं, "मग सायेब, पुढच्या हंगामात पॅन कुणी बघायचा?"

हॉलमध्ये हशा पिकला, प्रशिक्षकही हसले. माझ्या मनात मात्र एक गोष्ट राहून गेली. त्या कागदावर आम्हाला आमच्या स्वभावाबद्दल बरंच विचारलं होतं, पण आम्ही काम काय करतो हे कुठेच विचारलं नव्हतं.

मी रसायनशास्त्राची पदवी घेतली, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शिकलो आणि लॅब केमिस्ट म्हणून कारखान्यात लागलो. पुढे शिफ्ट आली, शेवटची काही वर्षं चीफ केमिस्टची खुर्ची. आमचा कारखाना दिवसाला 2500 टन गाळपाचा, म्हणजे आजच्या मानाने लहानच. नोकरीच्या सुरुवातीला मीही माणसांना रागीट, शांत, कामसू, चुकार अशा कप्प्यांत टाकत होतो. पुढे लक्षात आलं की ज्याच्या त्याच्या कामाला आपापलं घड्याळ असतं आणि माणूस बोलतो, चिडतो, थांबतो ते बरंचसं त्या घड्याळाप्रमाणे. (साखरपट्ट्यात घड्याळ म्हटलं की लोकांना निवडणूक आठवते, इथे तसं काही नाही.)

मिलचंच घ्या. 2500 टनांची मिल म्हणजे तासाला शंभर टनांहून जास्त ऊस. केन कॅरिअर चोक झाला किंवा चेन तुटली की पहिल्या मिनिटापासून हिशेब सुरू. यार्डात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर खोळंबतात, बगॅस (उसाचा चोथा) थांबतो, बगॅस थांबला की बॉयलरवाला ओरडतो, वाफ उतरली की टर्बाइन कुरकुरायला लागतं. उसाच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के बगॅस निघतो आणि तेच आमचं इंधन. मिल आणि बॉयलर असे एकमेकांच्या गळ्यात बांधलेले असतात. त्यात मिल हाऊसमध्ये आवाज इतका की शेजारच्या माणसाशीही हातवारे करून नाहीतर ओरडून बोलावं लागतं. अशा जागी उभा असलेला चीफ इंजिनिअर "मित्रांनो, आपण यावर काय करूया?" असं विचारत बसला तर सगळा कारखाना थंड पडेल. आमचे साहेब दोन शब्दांत हुकूम सोडत, वर एक शिवी बोनस. फिटर मंडळींना त्या शिवीचं काही वाटायचं नाही. साहेब गप्प राहिले तरच ते घाबरायचे, कारण मग प्रकरण खरंच गंभीर असायचं.

हेच साहेब मी ऑफ सीझनमध्ये पाहिले आहेत. उघड्या रोलरशेजारी स्टुलावर बसून झीज मोजत, वहीत आकडे लिहीत. नवख्या अप्रेंटिसने मापात गोंधळ केला तर त्याचा हात धरून पुन्हा मोजायला लावत. आवाज एकदाही चढत नसे. प्रशिक्षकांनी ज्यांना हुकूमशहा ठरवलं ते साहेब त्याच जुलैत हॉलपासून शंभर पावलांवर मास्तरकी करत होते. नोव्हेंबरात मिनिटाचं घड्याळ चालू झालं की त्यांचा सूर पालटायचा.

मिलपासून पॅन स्टेशनपर्यंत यायला दोन जिने चढावे लागतात, पण काळाच्या हिशेबाने हे दुसरंच गाव आहे. रसाला चुना आणि गंधकाचा धूर देऊन तो शुद्ध होतो, क्लॅरिफायरमध्ये निवळतो, आटून सिरप होतो आणि मग पॅनमध्ये येतो. पॅन म्हणजे निर्वात भांडं. उघड्यावर सिरप आटवलं तर तापमान शंभराच्या वर जाऊन साखर करपेल, रंग धरेल. पॅनमध्ये तेच सिरप पासष्ट-सत्तर अंशांवर उकळतं. दाणे आणि पाक यांचं मिश्रण म्हणजे मासिक्विट, आणि 'ए' मासिक्विटचा एक पॅन तयार व्हायला तीन-चार तास लागतात, 'सी'ला त्याहून पुष्कळ जास्त, आणि पुढे क्रिस्टलायझरमध्ये थंड व्हायचं ते वेगळंच. तेवढ्या वेळात पॅनमनचं मुख्य काम म्हणजे बघणं. प्रूफ स्टिकने नमुना काढायचा, काचेवर पसरायचा, दिव्यासमोर धरायचा. दाणा वाढतोय का, दाण्यादाण्यांमधलं अंतर बरोबर आहे का, मधेच बारीक खोटा दाणा (फॉल्स ग्रेन) तर आला नाही ना.

नव्या माणसाची घाई इथेच नडते. फीड जास्त ओढला किंवा पाणी वेळेवर दिलं नाही की फॉल्स ग्रेन उठतं. मग ते धुवायला पाणी मारा, वाफ खर्च करा, तास दोन तास घालवा. लवकर करायला जावं तर उशीर, हा पॅनचा स्वभावच आहे. मामा त्याला साजेसे होते. मी शिफ्ट केमिस्ट असताना त्यांनी कुणाला "हे कर" म्हटलेलं मला आठवत नाही. हाताखालच्या पोराकडून चूक झाली की ते उठत, काच त्याच्या हातात देत आणि दिव्याकडे बोट दाखवत. पोरगं बघायचं. दिसलं नाही तर मामा तसेच उभे. "दिसलं?" "न्हाई मामा." "मग बग की अजून." कधीतरी पोराला दिसायचं आणि ते आपणहून पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायचं. मामांच्या हाताखालची मुलं पुढे आसपासच्या कारखान्यांत पॅनमन म्हणून गेली. ज्यांची बेरीज शून्य आली होती त्यांनी तयार केलेली माणसं आम्हा इतरांपेक्षा जास्त होती, हे मी पैजेवर सांगेन.

एकदा तातडीने साखर हवी होती. गोदामातून उचल होती आणि पोती कमी पडत होती. चीफ इंजिनिअर पॅनवर चढून आले आणि मिलवरच्या आवाजात म्हणाले, "मामा, ओढा जरा!" मामांनी मान डोलावली आणि काहीही वेगळं केलं नाही. साहेब खाली उतरल्यावर मामा मला म्हणाले, "त्यांस्नी वाटतंय इथं बी चेन हाय." मला त्या वेळी हा नुसता हट्ट वाटला होता. खरं तर ते दोघे वेगवेगळ्या वेळात राहत होते.

शेतकी खात्याचं घड्याळ तर आमच्यापैकी कुणाच्याच मनगटाला बसणारं नव्हतं. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो. यंदाच्या गाळपाचा निर्णय शेतकऱ्याने गेल्या वर्षी बांधावर उभं राहून घेतलेला असतो. शेतकी अधिकाऱ्याला त्या शेतकऱ्याला हुकूम देता येत नाही. शेतकरी सभासद आहे, मालक आहे, आणि बिनसलं तर शेजारच्या कारखान्याचा ट्रॅक्टर रात्रीत त्याच्या फडावर उभा राहतो. मग नेतृत्व कशाने करायचं? चहाने, लग्नकार्याला हजर राहून, कोणाची भावकी कोणाशी बोलत नाही हे ध्यानात ठेवून. आमचे शेतकी अधिकारी कुणालाच सरळ नाही म्हणत नसत. मीटिंगमध्ये याचा आम्हाला संताप यायचा. "ते 265 कमी करा," मी दर वर्षी म्हणायचो. फुले 265 हा उसाचा वाण शेतकऱ्याला आवडायचा कारण टनेज भरघोस. आम्हाला नको असायचा कारण रिकव्हरी, म्हणजे उसातून निघणारी साखर, हवी तशी मिळत नसे, आम्ही को 86032 मागायचो. 2500 टनांच्या गाळपात रिकव्हरी 0.1 टक्क्याने हलली तरी रोजची अडीच टन साखर हलते, म्हणजे पन्नास किलोची पन्नास पोती. मला ती पोती दिसायची. शेतकी अधिकाऱ्यांना दिसायचा तो शेतकरी, ज्याला पैसे टनावर मिळतात. ते म्हणत, "बघू, हळूहळू करू." त्यांच्या 'हळूहळू'चा अर्थ दोन लागणींचे हंगाम असा होता. तीन वर्षांनी क्षेत्र खरोखर कमी झालं, आणि एकाही सभासदाने नोंद काढून घेतली नाही. मी हुकूम काढून ते केलं असतं तर पहिल्याच वर्षी ऊस शेजारी गेला असता.

अकाउंट्सबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या खात्यात मी फक्त बिलं घेऊन गेलो. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे आणि साखर मात्र वर्षभर विकत राहायची. गोदामात साखर, बँकेकडे तारण आणि दारात शेतकरी, अशा कोंडीत बसलेला मुख्य लेखापाल संशयी झाला तर नवल नाही. त्यांनी माझं कुठलंच मागणीपत्र प्रश्न विचारल्याशिवाय मंजूर केलं नाही. त्या वेळी राग यायचा, आता येत नाही.

या सगळ्यांचं भांडण व्हायला एक पाण्याचा व्हॉल्व्ह पुरत असे. शेवटच्या मिलवर बगॅसमध्ये उरलेली साखर काढायला इंबिबिशनचं पाणी मारतात. मला ते जास्त हवं, कारण बगॅसबरोबर साखर बॉयलरमध्ये जळते. मिलवाल्यांना बेतात हवं, नाहीतर रोलर ऊस पकडत नाहीत. बॉयलरवाल्याला नकोच, कारण बगॅस ओला आला की जाळ धरत नाही. आणि जास्तीचं पाणी शेवटी आटवायचं कुणी, तर आमच्याच इव्हॅपरेटरने, म्हणजे पुन्हा वाफ. एका शिफ्टमध्ये तो व्हॉल्व्ह तिघांनी तीनदा फिरवलेला मी पाहिला आहे, एकमेकांना न सांगता. तिघेही आपापल्या जागी बरोबर होते. असल्या वेळी स्वभावाच्या चौकटी काही कामाच्या नसतात. तिघांच्या हातात एक कागद हवा असतो, ज्यावर बगॅसचा पोल (उरलेली साखर), ओलावा आणि वाफेचा दाब एकाच वेळचे लिहिलेले असतील. नंतरच्या काळात लॅबमध्ये आलेल्या एका तरुण केमिस्ट बाईंनी तो कागद सुरू केला. दर दोन तासांनी त्या आकडा वहीत लिहायच्या आधी तिन्ही ठिकाणी फोन करत. भांडणं निम्म्यावर आली. त्या कुणाच्याच वरिष्ठ नव्हत्या.

आमच्याकडे दोन कार्यकारी संचालक (एमडी) मी जवळून पाहिले. पहिले रोज सकाळी दहाला खातेप्रमुखांची मीटिंग घेत आणि प्रत्येकाला एकच विचारत: "काल कमी का पडलं?" त्यामुळे आम्ही सगळे दहाच्या आत दुसऱ्याच्या खात्यातलं कारण शोधून ठेवायला शिकलो. या विद्येत मी बराच पटाईत झालो होतो.

दुसरे आले त्या हंगामात जानेवारीत अवकाळी पाऊस झाला. काळ्या रानात ट्रॅक्टर रुतले, तोडी थांबल्या, यार्डात जेमतेम काही तासांचा ऊस. रात्री केबिनमध्ये सगळे जमलो आणि नेहमीप्रमाणे सुरू झालं. इंजिनिअर म्हणाले, मिल बंद करा, मला दुसऱ्या मिलचं बेअरिंग बघायचंय. शेतकी अधिकारी म्हणाले, बंद म्हटलं की ऊसतोडीच्या टोळ्या उद्या सकाळी शेजारच्या कारखान्याकडे. मी म्हणालो, क्लॅरिफायर भरलेला आहे, रस पडून राहिला तर काळवंडेल आणि साखर जाईल. एमडींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि 'काय करायचं' हा प्रश्न बाजूला ठेवून विचारलं, "कुणाकडे किती वेळ आहे?"

पहिल्यांदा कुणालाच नीट उत्तर देता आलं नाही. मग एकेकाने सांगितलं. क्लॅरिफायर चार-पाच तासांत रिकामा व्हायला हवा. 'सी' पॅन अर्ध्यात आहे, त्याला आणखी सहा तास वाफ लागेल. बेअरिंगला सलग आठ तास मिळाले तर काम पुरं होईल, नाहीतर आणखी चार दिवस ढकलता येईल. फडात तुटून पडलेला ऊस दोन दिवसांत उचलायलाच हवा. रस्त्याकडेच्या मुरमाड रानात उद्या दुपारी गाडी जाईल. साठवलेल्या बगॅसवर एक बॉयलर रात्रभर चालेल. हे बोलून झाल्यावर निर्णय जवळपास आपोआप टेबलावर आला. मिल थांबवायची, रस सिरपपर्यंत आणून संपवायचा, एका बॉयलरवर पॅन पुरा करायचा, तेवढ्यात बेअरिंग. आणि टोळ्यांना 'बंद' हा शब्द ऐकवायचाच नाही, उद्याचा मुरमाड फड कुठला तेवढंच सांगायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गव्हाणीत ऊस पडला.

त्या हंगामापासून मीटिंगची सुरुवात बदलली. आधी प्रत्येकाने आपल्याकडचा वेळ सांगायचा, मग मत. ऐकायला किरकोळ वाटेल. पण 'इंजिनिअर हट्टी आहेत' आणि 'इंजिनिअरना आठ तास हवे आहेत' यांतल्या दुसऱ्या वाक्यावर काहीतरी करता येतं.

अर्थात घड्याळाने सगळंच उलगडत नाही. माझ्या हाताखाली एकाच हुद्द्यावर दोन शिफ्ट केमिस्ट होते, काम तेच, वेळ तीच. एक जण सगळं लॉगबुकात लिहायचा. पहाटे चारचा भोंगा झाला की चार्ज देताना वहीचं पान समोरच्याला वाचून दाखवायचा आणि सही घ्यायचा. दुसऱ्याचं सगळं डोक्यात. तो चार्ज देताना समोरच्याला घेऊन खाली सल्फरच्या भट्टीपासून वर पॅनपर्यंत फेरी मारायचा, बोलत बोलत. पहिल्याच्या शिफ्टला क्वचितच काही बिघडायचं, पण त्याच्या माणसांना त्याच्याशिवाय निर्णय घेता येत नसे. दुसऱ्याच्या शिफ्टला गोंधळ जास्त, पण तो रजेवर असला तरी काम अडत नसे. मी पहिल्याला लॅबकडे नेलं आणि दुसऱ्याकडे नवीन मुलं दिली. माझ्या मते ज्याला जे जमत होतं तेच मी त्याला दिलं. पहिल्याला आजही वाटतं की मी त्याला बाजूला सारलं.

महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीचा उगमच मुळी अशा दोन वेगळ्या प्रकृतीच्या माणसांतून झाला. प्रवरानगरला 1950-51 साली पहिलं गाळप झालं त्यामागे लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील होते आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळही. एकाने गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवलं. लोकांचा धीर सुटायच्या आत ते व्हायला हवं होतं. दुसऱ्याने अध्यक्ष म्हणून संस्थेची घडी बसवली, ती पुढच्या अनेक वर्षांच्या हिशेबाने. या जोडीतला एकच असता तर काय झालं असतं, याचा अंदाज ज्याने कारखान्यात नोकरी केली आहे त्याला येईल.

एका माणसाबद्दल त्या जुलैच्या हॉलमध्ये कुणी बोललंच नाही. तो मुकादम. बीडकडून, जालन्याकडून टोळ्या घेऊन येणारा. तोही नेताच. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा कित्येक कोयत्यांना तो हंगामभर हलवतो, भांडणं मिटवतो, आजारी माणसाला दवाखान्यात नेतो. पण त्याचं नेतृत्व उचलीवर उभं आहे, म्हणजे कर्जावर. फडावरच्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते. आमच्या मिनिटांच्या आणि तासांच्या घड्याळांना पुरेल एवढा ऊस त्या कर्जामुळे वेळेवर येत होता आणि आम्ही संघभावनेवर व्याख्यानं ऐकत होतो. ही गोष्ट कामाच्या शैलीत मोडत नाही. तिला अन्यायच म्हणायला हवं.

आता पॅन संगणकावर चालतात. कंटिन्युअस पॅन आले, कंट्रोल रूममध्ये थंड हवेत बसून पोरं पाकाच्या घनतेचे, म्हणजे ब्रिक्सचे, आलेख बघतात. चांगलंच झालं, मामांच्या वयात गुडघे राहत नाहीत. पण मिल आणि पॅन दोन्ही एकाच पडद्यावर दिसायला लागल्यापासून दोन्हींचा वेळ सारखाच आहे असा नव्या मुलांचा समज होतो, आणि फॉल्स ग्रेन अजूनही उठतं.

दुसऱ्या एमडींनी जाताजाता एक पद्धत घालून दिली होती: हंगामात महिन्यातून एकदा प्रत्येक खातेप्रमुखाने दुसऱ्याच्या ठिकाणी पूर्ण आठ तासांची पाळी करायची. मी फडावर गेलो, शेतकी अधिकारी पॅनवर बसले, मुख्य लेखापाल रात्री आठ ते चार मिल हाऊसला उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी स्पेअर पार्टचं मागणीपत्र न विचारता मंजूर करून मोकळे झाले. पुढच्या व्यवस्थापनाला तो वेळेचा अपव्यय वाटला आणि ते बंद पडलं. कारखाना चालवणाऱ्या कुणाच्या वाचनात हे आलं तर येत्या हंगामात त्यांनी पुन्हा सुरू करावं. प्रशिक्षकाची फी लागत नाही. शेतकीच्या जीपला थोडं डिझेल तेवढं लागेल, आणि लेखापालांसाठी कानात घालायला कापूस.